घरांतील संगणक आणि त्याची निगा

संसारांत वस्तु विकत आणणें हें एका दिवसाचें काम असतें. ती नीट राखणें हें वर्षानुवर्षांचें काम होऊन बसतें. पावसाळ्यापूर्वीं घराचीं कौलें चाळावीं लागतात, साठवणीच्या धान्याला ऊन दाखवावें लागतें, शिवणयंत्राला तेल घालावें लागतें. आणि हें सर्व कोणीं, केव्हां व कसें करावयाचें याचा परिपाठ प्रत्येक घरांत ठरून गेलेला असतो. संगणक मात्र आपल्या घरांत इतका अलीकडे आला, कीं त्याच्या निगेचा परिपाठ बहुतेक घरांतून अजून पडावयाचाच आहे. त्याला वापरतात सगळे. राखीत कोणीच नाहीं.

या प्रश्नास हल्लीं विशेष निकड आली आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या 'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण आधार ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला. पुढील विंडोजच्या अटींत न बसणारीं, परंतु अन्यथा धडधाकट अशीं पुष्कळ यंत्रें त्यामुळें अडगळींत जाण्याची वेळ आली. अशा यंत्रावर 'लिनक्स' घालून तें पुन्हां कामास लावणें हा एक चांगला मार्ग आहे, व कित्येक घरांतील तरुण मंडळी तो चोखाळीतहि आहेत. पहिले चार दिवस सर्व कांहीं ठीक चालतें. पुढें एके दिवशीं पत्रलेखनाचा प्रोग्रॅम उघडत नाहीं, किंवा नवीन कांहीं घालावयास जावें तों यंत्र इंग्रजींत चारपांच ओळींचा नकार देतें. मग घरांत निकाल लागतो, "फुकट मिळालेली वस्तु अशीच असावयाची!" आणि दुरुस्ती परगांवीं असलेल्या चिरंजिवांच्या पुढील रजेपर्यंत तहकूब होते.

हा निकाल अन्यायाचा आहे आणि ती तहकुबी अनावश्यक आहे, असें आमचें मत आहे. या कामास पदवी लागत नाहीं. सावकाश वाचण्याची संवय व क्रम न सोडण्याची शिस्त लागते. हे दोन्ही गुण आपल्या घरांतील वडील मंडळींच्या ठायीं तरुणांहून कमी असतात, असें कोण म्हणेल?

पणास काय लागलें आहे

आज या यंत्रांत काय काय असतें याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. घरखर्चाचे हिशेब, जमिनीच्या उताऱ्यांच्या प्रती, वडिलांच्या औषधोपचाराचे कागद, कुलवृत्तांताचीं टिपणें, आजीनें सांगितलेल्या व सुनेनें टिपून घेतलेल्या पाककृति, परदेशीं असलेल्या नातवंडांचीं छायाचित्रें. यांत दोन जाति स्पष्ट वेगळ्या केल्या पाहिजेत. प्रोग्रॅम ही बाजारांतून केव्हांहि पुन्हां आणतां येण्यासारखी वस्तु आहे. तो बिघडला तर तासाभरांत नवा घालतां येतो. परंतु आजीच्या हयातींत टिपलेली पाककृति एकदां गेली, तर ती कोठून आणावयाची? यास्तव पुढील सर्व विवेचनाच्या आधीं एक नियम सांगून ठेवतों. यंत्राला हात लावण्यापूर्वीं घरचे कागद यंत्राबाहेर निदान एका ठिकाणीं, व शक्य तर घराबाहेरहि एका ठिकाणीं, उतरवून ठेवावे. ज्यानें हें केलें, त्यास निर्धास्तपणें दुरुस्ती करतां येते. ज्यानें केलें नाहीं, त्याचा हात प्रत्येक आज्ञेपाशीं थरथरतो, व थरथरता हातच चुका करतो.

हें कूळ कोणाचें

युनिक्स या प्रणालीस अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं आरंभ केला. तिच्याच धर्तीची, परंतु कोणासहि वापरतां, तपासतां व सुधारतां येईल अशी 'ग्नू' नांवाची प्रणाली रचण्याचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केला. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें 'लिनक्स' हा गाभा लिहिला, आणि या दोहोंच्या संयोगानें आजची प्रणाली सिद्ध झाली. ती घरोघर वापरतां यावी म्हणून तिचीं हजारों अंगें गोळा करून, पारखून, एकत्र बांधून देणाऱ्या मंडळ्या निघाल्या. त्यांपैकीं 'डेबियन' ही मंडळी इयान मर्डॉक यांनीं ऑगस्ट १९९३ मध्यें स्थापिली. पुढें त्यांच्या पत्नी झालेल्या डेब्रा यांचें व स्वतःचें नांव जोडून त्यांनीं हें नांव सिद्ध केलें. २००४ सालीं निघालेली 'उबुंटु' हीहि डेबियनच्याच पायावर उभी आहे. म्हणून येथें डेबियन हेंच उदाहरण घेतों.

पॅकेज म्हणजे काय

डेबियनमध्यें प्रत्येक प्रोग्रॅम 'पॅकेज' या रूपानें येतो. पॅकेजांत प्रोग्रॅमच्या फायली तर असतातच, पण शिवाय एक चिठ्ठी असते. तीवर पॅकेजचें नांव, आवृत्तीचा अंक, त्यास दुसऱ्या कोणकोणत्या पॅकेजांची गरज आहे, व कोणाशीं त्याचें जमत नाहीं, हें सर्व लिहिलेलें असतें. हा मजकूर म्हणजेच सगळ्या व्यवस्थेचा प्राण होय.

एकत्र कुटुंबांत प्रत्येक भावाची वेगळी चूल, वेगळें जातें व वेगळा पाटावरवंटा नसतो. एकाच स्वयंपाकघरावर सर्वांचें चालतें. तसेंच येथें आहे. अक्षरें पडद्यावर रेखण्याचें काम, चित्रें उघडण्याचें काम, छपाईचें काम, हीं करणाऱ्या सामाईक 'लायब्ररी' असतात व अनेक प्रोग्रॅम त्यांवर अवलंबून राहतात. यांत जागेची काटकसर आहे, आणि त्याहून मोठा लाभ असा, कीं लायब्ररींतील एक दोष एकदां दुरुस्त केला म्हणजे तो सर्वांपुरता दुरुस्त होतो. परंतु उणीव तीच: सामाईक वस्तु बदलली म्हणजे परिणाम सर्वांवर होतो.

ज्यांनीं थोडें संस्कृत व्याकरण केलें आहे त्यांना दुसरा दृष्टान्त अधिक पटेल. पाणिनीच्या रचनेंत मागील सूत्रांतील पद पुढील सूत्रांत चालत येतें. त्यास अनुवृत्ति म्हणतात. मागचें सूत्र गळलें तर पुढच्याचा अर्थच लागत नाहीं. दोष पुढच्या सूत्राचा नसतो. त्याचप्रमाणें पत्रलेखनाचा प्रोग्रॅम उघडला नाहीं म्हणून त्यालाच दोष देऊं नये. तो ज्यावर उभा आहे तें शाबूत आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

पॅकेज प्रत्यक्ष यंत्रांत मांडण्याचें काम 'डीपीकेजी' हा प्रोग्रॅम करतो. कोणास कोणाची गरज आहे हें जुळवून, भांडारांतून सर्व आवश्यक पॅकेजें आणून, तीं योग्य क्रमानें डीपीकेजीच्या हवालीं करण्याचें काम 'ॲप्ट' करतो. पहिला कोठीवरचा गडी आहे, दुसरा कारभारी आहे. कारभारी जेव्हां नकार देतो, तेव्हां बहुधा त्याचें म्हणणें एवढेंच असतें, कीं "एका प्रोग्रॅमला लायब्ररीची जुनी आवृत्ति हवी, दुसऱ्याला नवी हवी, दोघांचें एकाच वेळीं कसें भागवूं?" हा नकार म्हणजे बिघाड नव्हे. तो बिघाड टाळण्याचा उपाय आहे.

पारख कोण करतो

डेबियनच्या भांडारांत आज ६९ हजारांहून अधिक पॅकेजें आहेत, आणि त्यांची निगा मुख्यतः स्वयंसेवक करतात. नवी आवृत्ति प्रथम 'अनस्टेबल' या शाखेंत येते. तेथें कांहीं दिवस गंभीर तक्रार न आली तर 'टेस्टिंग' शाखेंत जाते. आणि सुमारें दोन वर्षांनीं टेस्टिंग शाखा स्थिर करून 'स्टेबल' म्हणून प्रसिद्ध केली जाते. ता. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं प्रसिद्ध झालेल्या तेराव्या आवृत्तीचें नांव 'ट्रिक्सी' असें आहे. स्टेबल शाखेंत पुढें नव्या सोयी सहसा घालीत नाहींत. मुख्यतः सुरक्षिततेचे व गंभीर दोष तेवढे दुरुस्त करतात. म्हणून तींतील आवृत्तीचा अंक जुना दिसतो. तरुणांस तो शिळा वाटतो. पण घराला लोणचें मुरलेलेंच बरें.

ही पारख म्हणजे केवळ उपचार नव्हे, हें दोन घटनांवरून ध्यानांत येईल. २००६ सालीं डेबियनच्या एका निगाकारानें 'ओपनएसएसएल' या गुप्तलेखनाच्या लायब्ररींतील कांहीं ओळी, त्या सदोष दिसतात म्हणून, रद्द केल्या. त्या ओळींवरच किल्ल्यांची अनिश्चितता अवलंबून होती. परिणामीं डेबियनवर तयार होणाऱ्या किल्ल्या अटकळीनें शोधून काढण्याइतक्या थोड्या झाल्या, आणि ही गोष्ट १३ मे २००८ पर्यंत जाहीर झाली नाहीं. पोथी उतरून घेणाऱ्यानें न कळलेला शब्द अशुद्ध समजून 'सुधारावा' व मूळ अर्थच नष्ट व्हावा, तसला हा प्रकार. ज्या ओळीचें प्रयोजन आपणांस कळलें नाहीं ती काढूं नये, हा धडा पंडितांस आहे तसा घरच्या दुरुस्तीकारासहि आहे.

दुसरी घटना २०२४ सालची. 'एक्सझेड' नांवाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका सामाईक लायब्ररींत, 'जिया तान' हें नांव धारण करणाऱ्या कोणा व्यक्तीनें दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद जास्त लागतो एवढेंच जाणवलें. त्यानें तें सोडून दिलें नाहीं. माग काढीत गेला, व ता. २९ मार्च २०२४ रोजीं सर्व प्रकार उघडकीस आणला. दूषित आवृत्ति डेबियनच्या पहिल्या दोन शाखांत पोंचली होती. स्टेबल शाखेंत पोंचली नव्हती. जे लोक मुरलेल्या आवृत्तीवर संतुष्ट होते, त्यांच्या घरीं चोर आलाच नाहीं.

नित्याचा परिपाठ

आठवड्यांतून एक दिवस ठरवावा. त्या दिवशीं दोन आज्ञा द्यावयाच्या. या आज्ञा यंत्रास रोमन अक्षरांत द्याव्या लागतात. येथें आम्ही त्यांचे उच्चार देत आहों. पहिली 'ॲप्ट अपडेट': हिनें कोणताहि प्रोग्रॅम बदलत नाहीं, भांडारांत काय नवें आलें याची यादी तेवढी येते, व ती यादी अस्सल असल्याची सही तपासली जाते. दुसरी 'ॲप्ट अपग्रेड': हिनें यादीप्रमाणें नव्या आवृत्त्या प्रत्यक्ष घातल्या जातात. ही दुसरी आज्ञा असलेलें पॅकेज काढून टाकीत नाहीं, म्हणून घरगुती उपयोगास निर्भय आहे. 'फुल-अपग्रेड' ही तिसरी आज्ञा मात्र जरूर पडल्यास पॅकेजें काढतेहि; ती देतांना यादी वाचल्यावांचून होकार देऊं नये.

काम चालूं असतां यंत्र बंद करूं नये. जेथें वीज वरचेवर जाते, तेथें मांडीवरच्या संगणकाची बॅटरी भरलेली आहे हें आधीं पाहावें. भांडाराच्या यादींत परकीं भांडारें मिसळूं नयेत. शेजारच्या घरची फोडणी आपल्या आमटीवर ओतण्यांतला तो प्रकार आहे. एखादा प्रोग्रॅम अगदीं नवाच हवा असेल, तर 'फ्लॅटपॅक' या रूपानें तो वेगळा घालावा. त्याची चूल वेगळी असते. जागा अधिक खातो, पण सामाईक स्वयंपाकघरास हात लावीत नाहीं.

बिघाड झाल्यास

वैद्य जसा औषधापूर्वीं निदान करतो, तसें येथें करावें, व पुढील क्रम सोडूं नये.

प्रथम, यंत्रानें दिलेला निरोप शब्दशः वहींत उतरून घ्यावा. "कांहींतरी इंग्रजींत आलें" या वर्णनावरून कोणासहि मदत करतां येत नाहीं. निरोपांतील पहिली तक्रार महत्त्वाची. पुढच्या बहुधा तिच्याच पोटीं जन्मलेल्या असतात.

दुसरें, जागा उरली आहे काय हें पाहावें. 'डीएफ -एच' या आज्ञेनें प्रत्येक कप्पा किती भरला तें कळतें. आणलेल्या पॅकेजांच्या प्रती सांठल्या असल्यास 'ॲप्ट क्लीन' या आज्ञेनें, व गरज संपलेलीं पॅकेजें आणि जुने गाभे 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' या आज्ञेनें निघतात. न उघडणाऱ्या प्रोग्रॅमचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें, कीं कोठी भरून गेली आहे.

तिसरें, "कुलूप लागलें आहे" असा निरोप आला, तर दुसरा कोणी कारभारी त्याच वेळीं काम करीत आहे असा अर्थ. पुष्कळ यंत्रांवर पडद्याआडून आपोआप अद्ययावत् करण्याचें काम चालूं असतें. दहापंधरा मिनिटें थांबावें. कुलपाची फाईल पुसून टाकण्याचा सल्ला पुष्कळजण देतात; तो मानूं नये.

चौथें, वीज जाऊन काम अर्धवट राहिलें असेल, तर 'डीपीकेजी', मग दोन आडव्या रेघांसह 'कॉन्फिगर', मग एका रेघेसह 'ए' अशी आज्ञा द्यावी. अर्धवट मांडलेलीं पॅकेजें ती पुरतीं मांडते. त्यानंतरहि परस्परावलंबन तुटलेलें असल्यास 'ॲप्ट' या शब्दापुढें दोन रेघांसह 'फिक्स-ब्रोकन' व नंतर 'इन्स्टॉल' अशी आज्ञा आहे.

पांचवें, वरील सर्व ठीक असून एकच प्रोग्रॅम नीट चालत नसेल, तर दोष पॅकेजांत आहे कीं आपल्या वैयक्तिक मांडणींत, हें ठरवावें. याची कसोटी सोपी आहे. यंत्रावर एक नवा वापरकर्ता निर्माण करावा व त्याच्या नांवानें तो प्रोग्रॅम उघडून पाहावा. तेथें चालला, तर पॅकेज निर्दोष. दोष आपल्या मांडणींत. 'लिबरऑफिस' या लेखनप्रोग्रॅमची वैयक्तिक मांडणी आपल्या घरकप्प्यांतील एका लपलेल्या फोल्डरांत असते. तें पुसूं नये. नांव बदलून बाजूस ठेवावें, म्हणजे प्रोग्रॅम नवें कोरें फोल्डर करून घेतो. वीज गेल्यानंतर "हा लेख दुसऱ्या कोणी उघडला आहे" असा निरोप येतो, त्याचें कारणहि असेंच: लेखाशेजारीं एक लहानशी लपलेली कुलूपफाईल मागें राहिलेली असते. घरांत खरोखरच दुसऱ्या कोणी तो लेख उघडलेला नाहीं याची खात्री करून ती काढावी.

सहावें, मराठी अक्षरांविषयीं. अक्षरांऐवजीं चौकटी दिसल्या तर देवनागरी फाँट घातलेला नाहीं असें समजावें. 'लोहित' किंवा 'नोटो' या कुळांतील देवनागरीचें पॅकेज घातलें म्हणजे काम होतें. परंतु पंधरावीस वर्षांपूर्वींचा लेख उघडल्यावर चौकटींऐवजीं रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर तो पॅकेजांचा दोष नव्हे. तो लेख युनिकोडपूर्व फाँटांत लिहिलेला आहे; त्यांत रोमन अक्षरांच्याच जागीं मराठी वळणें बसविलेलीं असत. तो युनिकोडमध्यें रूपांतरित करून, ताडून ठेवावा. मराठी घरांतून असे लेख पुष्कळ पडून आहेत, व ज्यांनीं ते लिहिले तीं माणसें ताडून पाहण्यास आज आहेत तोंच हें काम उरकावें.

एक सावधगिरी

या प्रणालींत 'रूट' म्हणून एक सर्वाधिकारी असतो. 'सूडो' या शब्दानें तो अधिकार आपण क्षणभर घेतों. कोठें तरी वाचलेली आज्ञा अर्थ न कळतां या अधिकारानें देऊं नये. नोव्हेंबर २०२१ मध्यें कॅनडांतील प्रसिद्ध यंत्रसमीक्षक लिनस सेबॅस्टियन यांनीं आपल्या एका चित्रफितींत 'पॉप ओएस' या लिनक्सवर 'स्टीम' हा खेळांचा प्रोग्रॅम घालण्याचा यत्न केला. अत्यावश्यक पॅकेजें निघून जातील असा इशारा यंत्रानें दिला, व तरीहि पुढें जावयाचें असल्यास "होय, मी सांगतों तसें कर" या अर्थाचें संपूर्ण इंग्रजी वाक्य लिहावयास सांगितलें. त्यांनीं तें लिहिलें, आणि पडद्यावरची सारी मांडणीच निघून गेली. मूळ दोष त्या वेळच्या पॅकेजांच्या जुळणींतील होता. पण इशारा वाचून थांबणाऱ्याचें नुकसान झालें नसतें. त्यानंतर ॲप्टच्या कर्त्यांनीं ही वाट अधिकच अवघड करून ठेवली.

वही आणि वारसा

शेवटीं एक सूचना. घरांत संगणकाची एक वही ठेवावी. तींत तारीख, दिलेली आज्ञा, आलेला निरोप व केलेला उपाय हीं चार खणांत लिहावीं. यंत्रहि आपल्यापुरती अशी नोंद ठेवतें, पण यंत्र बंद पडल्यावर ती वाचतां येत नाहीं. हें काम निदान दोघांस येत असावें; त्यांपैकीं एक व्यक्ति नेहमीं घरांत असणारी असावी. ती सून असो, आजोबा असोत, कीं नववींतली मुलगी असो. हुद्दा पाहूं नये, आस्था पाहावी. परगांवच्या चिरंजिवांस दूरध्वनीवरून वहींतील चार ओळी वाचून दाखवितां आल्या, तर रजेची वाट पाहावी लागत नाहीं, व रजेवर आलेला मुलगा यंत्रापुढें न बसतां आईपाशीं बसतो.

आणि एखादा दोष खरोखरच पॅकेजांत आढळला, विशेषतः मराठी जोडाक्षरें मोडत असलीं, तर तो डेबियनच्या सार्वजनिक दोषनोंदींत कळवावा. त्यासाठीं 'रिपोर्टबग' नांवाचा प्रोग्रॅम आहे. ज्या स्वयंसेवकांच्या श्रमांवर आपलें घरकाम विनामूल्य चालतें, त्यांना 'ऱ्य' नीट उमटत नाहीं हें मराठी वाचणाऱ्यानें न सांगितल्यास कोण सांगणार? एवढी परतफेड आपल्याकडून व्हावी, हें उचितच होय.